दुसरी मूठ

“आक्का, उद्यापासनं ह्ये पाल्याचं पानी करायचं मनूला शिकीव.”

हंबीररावाने बशीतल्या चहावर फुंकर घालता घालता हे सांगितले, अगदी सहज, दाराला कडी घाल म्हणावे तसे… आणि चुलीपुढे बसलेल्या साळूबाईच्या हातातली फुंकणी ओठांशी तशीच राहिली. धूर डोळ्यांत गेला. बरे झाले गेला! डोळ्यांत पाणी कशाने आले याचा जाब मग कुणाला द्यावा लागत नाही.

“कशापायी रं? माझं हात काय मोडलं?”

“तसं न्हवं गं. तू तरी कवर राबशील? आन् तिलाबी वाटतंय, आपल्या मानसासाठी आपुन कायतरी करावं.”

आपल्या माणसासाठी! उंबऱ्यापलीकडे बांगड्या किणकिणल्या. म्हणजे ती तिथेच उभी होती. म्हणजे हे दोघांत आधीच ठरले होते! साळूबाईने चुलीतले लाकूड उगाच पुढे सारले आणि खालच्या मानेने म्हणाली, “शिकवते की. त्यात काय मोठं.”

पण त्यात सारेच होते. साळूबाई पंधराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली, तेव्हा हंबीरराव पाच वर्षांचा होता आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. वर्षाच्या आत आई गेली. पुढे रहिमतपूरहून दीर दोनदा गाडी घेऊन आला… “वैनी, तुमच्या वाट्याची जिमीन हाय, चला.” दोन्ही वेळा पदराला धरून रडणाऱ्या भावाकडे बघून तिने गाडी परत पाठवली. पुढे बापही गेला. तिने भावाला वाढवले, पलटणीत जाताना त्याच्या हातावर दही घातले, आणि त्याच्या रजेत सांगलीची मनूबाई सून म्हणून आणली तीही तिनेच पसंत करून. नंतरची चार वर्षे दोघी बायका एकाच माणसाच्या पत्राची वाट पाहत एका घरात राहिल्या. पत्र यायचे ते ‘ती. आक्कास’ असे यायचे. मास्तर वाचून दाखवत, मनूबाई दाराआडून ऐके, आणि साळूबाई तो कागद घडी घालून आपल्याच पेटीत ठेवी.

मग लढाई ऐन भरात असताना हंबीररावाला पलटणीने घरी पाठवले. लघवीत साखर सापडली होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, “गूळ बंद, साखर बंद, काकवीचं बोटसुद्धा चाटायचं नाही. पायाला जखम झाली तर पाय जाईल.”

आणि हे कुणाला? ज्याचा बाप पंचक्रोशीत नावाजलेला गुळव्या. ज्याने स्वतः आठव्या वर्षी, कढईतल्या रसाचा थेंब पाण्यात टाकून गुळाची गोळी कधी जमते ते ओळखले होते, त्याला! चार दिवस हंबीरराव बिनगोडाचा चहा पुढे ढकलून भिंतीकडे तोंड करून बसला. पाचव्या दिवशी गुऱ्हाळावर गेला आणि ऊन गूळ पळसाच्या पानावर घेऊन खाऊन आला. महिन्याभरात अंगठ्याला जखम झाली आणि चिघळली.

त्या दिवशी साळूबाई परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या गुंजेच्या वेलापाशी रडत उभी होती. आईने लावलेला वेल. पांढऱ्या गुंजेचा. बाप विड्यात त्याचा पाला घालायचा. नकळत तिने एक डहाळी तोंडात धरली आणि चमकली. गोड! आधी हिरवट, मग सावकाश जिभेच्या मुळाशी उतरणारा, जाता न जाणारा गोडवा!

चाळीस दिवस ती त्या पाल्याशी झुंजली. नुसता उकळला तर पाणी गवतासारखे लागे, फार आटवला तर कडसर होई. शेवटी साधले. सकाळी दहिवर सुकल्यावर पाला खुडायचा, शेंग दिसली की वेचून फेकायची, पानं ओरबाडून दोन दिवस सुपात सावलीला ठेवायची. एक मूठ उकळून पाणी निम्मे करायचे. मग भांडे उतरवायचे आणि पाण्याला नुसती वाफ असताना दुसरी मूठ हातावर चुरून आत टाकायची, झाकण घालायचे आणि गार होईपर्यंत उघडायचे नाही. गोडवा सगळा त्या दुसऱ्या मुठीत होता. धडप्यातून गाळले की मधाच्या रंगाचे पाणी उतरे. चमचाभर घातले की चहा गोड. बाटली तीन दिवस टिके. डॉक्टरांनी चाखून मान हलवली, “घ्या. याला हरकत नाही.”

हंबीरराव परत हसायला लागला. “आक्का, तुझ्या हातात देव हाय!” म्हणाला. त्या एका वाक्यावर साळूबाई वर्षभर जगली. स्वतः मात्र तिने गोड सोडले होते. भाऊ गूळ खाईल तेव्हा आपण खाऊ, असे देवापुढे बोलली होती. बोटाच्या टोकावर पारखायला लागे तेवढेच.

आणि आता हेही द्यायचे! बाकीचे तर एकेक करून गेलेच होते. पलटणीच्या गोष्टी तो बायकोला सांगे. आतून हसण्याचा आवाज येई आणि ती चुलीपुढे भाकरी थापत राही. जखम धुवायची ती मनूबाईने. कोरेगावच्या बाजारातून येताना गजरा आणायचा तो मनूबाईला, आणि तिला? “आक्का, तुला तंबाकू आनलीय मिशरीला.” तिला राग येई, मग त्या रागाची लाज येई, आणि लाजेतून पुन्हा राग… याला मत्सर म्हणावे की माया, याचा निवाडा कोण करणार? बहुधा दोहोंचे मूळ एकाच मातीत असते, आणि खुडताना हात चुकतो.

दुसऱ्या दिवशी तिने शिकवले. पाला खुडून दाखवला, शेंगा वेचून उकिरड्यावर फेकल्या, सूप दाखवले, पाणी किती ते दाखवले. मनूबाई पदर खोचून एखाद्या शाळकरी पोरीसारखी पुढ्यात बसली होती.

“वन्सं, येवढ्यानं भागंल?”

“भागंल.”

“आन् आता?”

पाणी निम्मे झाले होते. साळूबाईने भांडे उतरवले. कोनाड्यात वाटीखाली दुसरी मूठ तयार होती. तिचा हात तिकडे गेला… आणि थांबला.

“मनू, दोरीवरची धुनी आन जा. कावळं बसत्याल.”

“आत्ताच आनली की वन्सं.”

“मंग घागर भरून आन. बोलायलाच पायजे का परत्येक गोष्टीला?”

मनूबाई घागर घेऊन निघाली. तिची पाठ वळताच साळूबाईने कोनाड्यातली मूठ चुरून भांड्यात टाकली आणि झाकण घातले. पंचेचाळीस वर्षांच्या बाईने चोरी करावी ती स्वतःच्याच घरात, आणि तीही पाल्याची!

मनूबाईने केलेले पाणी पहिल्यांदा चहात पडले तेव्हा हंबीररावाने घोट घेतला आणि बायकोचे मन राखत म्हणाला, “ग्वाड हाय की. पर… आक्काच्या हातचं न्हाई ह्ये.”

साळूबाईच्या अंतःकरणात दिवाळी झाली! ती तोंड फिरवून कणगीकडे बघत राहिली, कारण तोंडावर काय उमटले असेल याची तिलाच भीती वाटली.

मनूबाई मात्र चूल विझल्यावर तिच्यापाशी येऊन बसली. “वन्सं, माझं कुटं चुकलं? काय सांगायचं ऱ्हायलंय का?”

“हाताची चव असती बाई. ती काय सांगून येती?”

“माझं हात सांगलीचं. हळदीचं.” मनूबाई हसायला गेली आणि रडली. “बाप आडत दुकानात हळद जोखायचा, माय हळद निवडायची. आमच्या हाताला ग्वाडवा कुटला यायला!”

त्या क्षणी सांगायला हवे होते. शब्द जिभेवर आला होता, अगदी ओठांपर्यंत… आणि साळूबाईने तो गिळला.

पंधरा दिवस असेच चालले. एक बाटली साळूबाई करी, एक मनूबाई, आणि हंबीरराव पहिल्या घोटालाच ओळखी. मग एके दुपारी, साळूबाई पाणी करत असताना, मनूबाई परसाकडच्या खिडकीशी श्वास रोखून उभी राहिली. चुलीची वाफ दाटली होती. त्या वाफेत तिला एवढेच दिसले की भांडे उतरल्यावर वन्संचा हात कोनाड्यात गेला, मुठीत काहीतरी आले आणि भांड्यात पडले. साळूबाई गोठ्यात गेल्यावर तिने कोनाडा पाहिला. रिकामी वाटी होती, आणि तिच्याशेजारी सासूबाईंचा जुना लाकडी करंडा. विधवेला कुंकवाचा करंडा कशाला? म्हणून साळूबाईने त्यात वेलाचे बी ठेवले होते, पुढच्या पेरणीसाठी. मनूबाईने झाकण उघडले. आत पांढऱ्या गुंजा होत्या, मोत्यांसारख्या.

सोमवारी साळूबाई कोरेगावच्या बाजाराला गेली. दिवेलागणीला परतली तेव्हा हंबीरराव पोट धरून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, जुलाबात रक्त दिसले. डॉक्टरांना आणायला माणूस साताऱ्याला धावला. पाणी आणायला मागे आलेल्या साळूबाईची नजर पाट्यावर गेली. वरवंट्याच्या कडेला पांढरे पीठ, आणि त्यात अर्धे फुटलेले एक टरफल…

“मनू!” तिने टरफल उचलले. “ह्ये काय?”

“वन्सं, करंड्यातलं चार मनी वाटून घातलं.” मनूबाई भिंतीला टेकली होती. “तुमी घालता तसं. भांडं उतरल्यावर. त्येंनी दोनच घोट घेतलं, कडू लागतंय म्हनून ठिवलं…”

“मी घालते? आगं इख हाय त्ये! बी फुटलं की इख! ढोरं मरत्यात त्येनं!”

“मला काय ठावं? आमच्याकडं सोनार गुंजंनं सोनं जोखतो. सोनं जोखायच्या मन्यात इख असंल असं कुनाच्या मनात येईल वन्सं?”

साळूबाईला सगळे उमगले. तिने शेंगा फेकायला शिकवले होते, पण का फेकायच्या ते सांगितले नव्हते. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, ते काय सांगायचे! आणि मूठ? ती तर तिने मुद्दाम लपवली होती. त्या एका मुठीची जागा रिकामी राहिली, आणि त्या जागेत हे विष येऊन बसले! तिने राखेने पाटा घासला. दोनदा घासला. बाटलीतले पाणी लांब उकिरड्यावर ओतले.

बाहेर चुलता दादासो चौकशी करत होता. मिशीतून शब्द येत होते ते कुऱ्हाडीसारखे. “काल च्या कुनी दिला? पानी कुनी केलं? बाजारात गेल्याली बाई करती काय? सूनबाई, हिकडं ये!”

मनूबाईने पाऊल उचलले. तिच्या चेहऱ्यावर मरणाची कळा होती. नवऱ्याला विष घातलेली बायको! माहेरी हाकलतील, नाही तर फौजदार येईल… साळूबाईने तिचा दंड धरला आणि स्वतः पुढे झाली.

“पानी मी केलं. बाजाराला जायच्या आदी करून ठिवलं हुतं.”

“तू?”

“व्हय. बी पडलं असंल माझ्याच हातनं. डोळं गेलं आता माझं.”

“वन्सं!” मनूबाई किंचाळली.

“तू गप ऱ्हा! आत जा. त्येच्या डोस्क्यावर पानी मार!”

दादासो बाकीच्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “व्हय. सून आल्यापास्नं तुझं डोळं कुटं हायती त्ये गाव बघतंयच की.”

हंबीरराव वाचला. आठ दिवस ताक आणि भाताची पेज यांवर राहिला, पण वाचला. पहिल्यांदा उठून बसला तेव्हा त्याने परसातला वेल मुळापासून काढायला लावला. साळूबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला, आणि पिण्याआधी आत पाहिले. क्षणभरच! मग तिच्याकडे पाहिले, ओशाळला, आणि तांब्या खाली ठेवून म्हणाला, “ऱ्हाऊ दे. मनू दील.”

शिव्या दिल्या असत्या, हात धरून बाहेर काढले असते, तरी तिने सोसले असते. पण ते बघणे! तीस वर्षे ज्याला घास भरवला, त्याने तांब्यात डोकावून बघावे!

तिने लुगड्याचे गाठोडे बांधले, करंडा त्यात ठेवला. मनूबाई पायांशी कोसळली. “वन्सं, मी सांगते त्येस्नी. आत्ता सांगते!”

“माझ्या गळ्याची आन हाय तुला.” साळूबाईने तिला उठवले. दुसऱ्या मुठीचे आताही सांगता आले असते. वेल नव्हता, पण सांगता आले असते. तरीही तिने सांगितले नाही! जाता जाता एवढे तरी आपले राहू दे, असे त्या अभागी मनाला वाटले… आणि रहिमतपूरच्या वाटेवर, गाडीत, त्याच गोष्टीसाठी ती सगळ्यात जास्त रडली.

रहिमतपुरात दीर कृष्णातने गोठ्याशेजारची खोली दिली. साळूबाईने कुंपणाशी करंड्यातले बी टोकले. पावसाळ्यात वेल चढला, दसऱ्यापर्यंत हिरवागार झाला. ती रोज पाला खुडी, सुपात वाळवी, पाणी करी, आणि गार झाले की कुंपणाबाहेर ओतून देई. गोड तर ती खातच नव्हती. मग कशासाठी? कुणी विचारलेही नाही.

गुऱ्हाळे पेटायच्या सुमाराला एके सकाळी दारात गाडी थांबली. मनूबाई उतरली. वाळली होती. तिने साळूबाईच्या पायांवर डोके ठेवले.

“आन मोडली म्या, वन्सं. सगळं सांगितलं त्येस्नी.”

“कशाला गं? कशाला सांगितलंस?”

“त्येंनी परत गूळ धरला. अंगठा गेला… कापला मिरजंला. तरी खात्यात. म्हनत्यात, आक्काच्या हातनं इख आलं तर गूळ बरा की! त्ये आयकवंना मला. कसली आन अन् कसलं काय! म्हनलं, मारा, टाका, पर आक्कानं न्हाई, म्या घातलं.”

“मंग?”

“मंग दोन दिस जेवलं न्हाईत. तिसऱ्या दिशी म्हनलं, गाडी जुप.” तिने मागे पाहिले. “गाडीतच हायती. उतरवंना त्येस्नी. पायानं न्हवं, लाजंनं.”

साळूबाईने गाडीकडे पाहिले. ताट्याआड पांढरा पटका खाली झुकलेला दिसत होता. धावत जावे असे वाटले, पण आधी एक फेडायचे होते. ते फेडल्याशिवाय त्या गाडीपाशी जायचा तिला अधिकार नव्हता.

“मनू, तू घातलंस त्ये अजानतेपनी. मी केलं त्ये जानून. हाताची चव-बिव कायबी न्हवती. दुसरी मूठ हुती. भांडं उतरल्यावर पाला चुरून टाकायचा. त्यो मी चोरून टाकत हुते… तुझ्या हातचं त्येला ग्वाड लागू नये म्हनून!”

तिने डोळे मिटले. आता शिवी येईल, आता ही माघारी फिरेल… मनूबाईचा आवाज आला, रडका आणि हसराही.

“म्हंजी पालाच हुता त्यो? नुसता पाला?”

“नुसता पाला.”

“आन् मी मेली त्यासाठी दुपारभर खिडकीत!” तिने पदराने नाक पुसले. “आता तरी दावा वन्सं. घागरीला नगा धाडू.”

चूल पेटली. सुपातला पाला तयारच होता. पाणी निम्मे झाले, भांडे उतरले. साळूबाईने दुसरी मूठ घेतली आणि मनूबाईच्या ओंजळीत ठेवली. “चूर. दाबून न्हवं, हलक्या हातानं. हां… टाक. आन् झाकान मीच घालते.”

दोघी त्या भांड्याजवळ ते गार होईपर्यंत बसून राहिल्या.

मग चहा झाला. साळूबाई कप घेऊन गाडीपाशी गेली. हंबीररावाने मान वर केली. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. पदराला धरून रडणारा तो पाच वर्षांचा पोर त्या डोळ्यांतून तिच्याकडे बघत होता.

“आक्का…”

“थांब.” तिने कप मागे घेतला. “आदी मी घोट घेते. मंग तू घे.”

तिने कप ओठांकडे नेला, पण त्याने तो तिच्या हातातून ओढून घेतला. थोडा चहा सांडला. त्याने आत पाहिले नाही. डोळे घट्ट मिटले आणि एका दमात सगळा प्यायला. ऊन होता, तरी प्यायला. मग रिकामा कप कपाळाला लावून तो मोठ्याने रडू लागला.

“आक्का, तांब्यात डोकावलो गं मी… तुझ्या तांब्यात! तुझ्याच हातचं हाय ह्ये. जीब कवा इसरल व्हय?”

“न्हाई रं बाळा.” साळूबाईने त्याच्या पटक्यावरून हात फिरवला. “मनूच्या हातचं हाय.”

हे म्हणताना काळजात एक बारीकशी कळ उठली. उठायचीच ती. इतक्या वर्षांची ओळख, एका दिवसात कशी सोडून जाईल? साळूबाईने ती कळ उठू दिली, आणि मागे उभ्या असलेल्या मनूबाईकडे वळून म्हणाली, “बी काढून ठिवलंय करंड्यात, त्ये घी. पर झाकान मी उघडीन… तू न्हाई.”

“बरं बाई, तुमीच उघडा,” मनूबाई म्हणाली, आणि गाडीतले गवत सारून तिने तिघांपुरती जागा केली.